यंत्राला पावले मोजायला कोणी शिकविले?

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात येणारी मुले दोन गोष्टींपाशी हटकून रेंगाळतात. एक म्हणजे दरबार हॉलमधील प्रचंड झुंबरे आणि दुसरी भोजनाच्या लांबलचक टेबलावरील चांदीची आगगाडी. शिंदे घराण्यातील माधव महाराजांना आगगाडीचे विलक्षण वेड होते. त्यांनी ही छोटी गाडी इंग्लंडमधील खेळण्यातल्या आगगाड्या बनविणाऱ्या बॅसेट-लोक कंपनीकडून करवून घेतली. तिचे डबे सात, आणि प्रत्येकावर 'सिंदिया' या नावाचे एकेक इंग्रजी अक्षर. डब्यांतून पेये व चिरूट घेऊन ती विजेच्या बळावर पाहुण्यांपुढून फिरे. पाहुण्याने बाटली उचलली की गाडी थांबे. बाटली जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे.

हे खेळणे खरे, पण आजच्या स्वयंचलित कारखान्याचे एक बीज त्यात आहे. बाहेर काय घडले याची यंत्राला जाणीव व्हावी आणि त्या जाणिवेनुसार त्याने आपली चाल बदलावी, ही ती कल्पना. मात्र या गाडीचे ज्ञान अगदी तोकडे. बाटली आहे की नाही, एवढेच तिला कळे. आपण टेबलावर कोठवर आलो, किती वेगाने चाललो, पुढे जातो की मागे, यांपैकी काहीच तिला ठाऊक नसे. ते ज्ञान यंत्राला देणाऱ्या उपकरणाला आज एन्कोडर म्हणतात. त्याची कथा मात्र विजेहून कितीतरी जुनी आहे.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने एका रथाचे वर्णन केले आहे. त्याच्या चाकाला दातेरी चक्रे जोडलेली असत. चाकाचे ४०० फेरे झाले, म्हणजे ५,००० फूट अथवा एक रोमन मैल पुरा झाला, की एक खडा पेटीत पडे. मुक्कामाला पोहोचल्यावर खडे मोजावयाचे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत आपल्या देशातील रस्ते मोजणारे इंग्रज सर्वेक्षकही असेच एक चाक ढकलीत चालत आणि त्याच्या तबकडीवरील अंतर वहीत टिपीत. फिरणाऱ्या चाकाचे फेरे मोजा म्हणजे चाललेली वाट मोजली जाते, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी एकच.

ग्वाल्हेरला या मोजणीचा संबंध थेट पोटाशी आला. १९२१ साली येथे बिर्लांची जयाजीराव कॉटन मिल उभी राहिली आणि तिच्याभोवती बिर्लानगर वसले. कापडगिरण्यांतून विणकराची मजुरी पुष्कळदा कामाच्या मापावर ठरे. त्यासाठी मागाला एक लहानसा गणक बसवीत. ताण्यामधून बाण्याचा धोटा कितीदा गेला, हे त्याचे आकडे सांगत. एकाच मागावर पाळीपाळीने निरनिराळे विणकर उभे राहत, म्हणून काही गणकांवर प्रत्येक पाळीची मोजणी वेगळी ठेवण्याची सोय असे. एकाचा घाम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होऊ नये, हा त्यातला न्याय. हिशोब खरा निघाला की घरी चूल पेटे. खोटा निघाला की तंटा पेटे.

परंतु त्या गणकातील आकडा माणसाने वाचावयाचा आणि माणसानेच वहीत मांडावयाचा. मागाला स्वतःला त्याचा काहीच उपयोग नव्हता. मोजलेली संख्या पुन्हा यंत्राकडेच परत जावी आणि तिच्यावरून यंत्राने आपली चाल सुधारावी, हा पुढला टप्पा होय. तो गाठला एन्कोडरने.

त्याची रचना सोपी आहे. फिरणाऱ्या दांड्यावर एक चकती बसविलेली असते आणि तिच्या कडेने समान अंतरावर बारीक फटी असतात. एका बाजूस दिवा, दुसऱ्या बाजूस प्रकाश टिपणारा डोळा. फट समोर आली की उजेड, सरली की अंधार. उजेडाच्या प्रत्येक लुकलुकीबरोबर विजेचा एक ठोका पडतो आणि ते ठोके मोजले जातात. पण ठोक्यावरून दिशा कशी कळावी? त्यासाठी दुसरा डोळा लावतात. दोन फटींमधील अंतराच्या चतुर्थांशाने तो सरकवलेला असतो. चकती उजवीकडे फिरली तर पहिल्या डोळ्याला उजेड आधी दिसतो, डावीकडे फिरली तर दुसऱ्याला. चकतीवर १,०२४ फटी असल्या, तर दोन्ही डोळ्यांच्या उजेड-अंधाराच्या कडा धरून एका फेऱ्यात ४,०९६ पायऱ्या मोजता येतात. एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा स्क्रू त्या दांड्याला जोडला, तर एक पायरी मिलिमीटरच्या सुमारे आठशेव्या भागाइतकी भरते!

या मोजणीत एक उणीव राहते. वीज गेली की आकडा विसरला जातो, आणि यंत्राला पुन्हा आरंभस्थानी जाऊन मोजणी सुरू करावी लागते. म्हणून दुसऱ्या जातीच्या चकतीवर एकात एक अशी अनेक वर्तुळे आखून प्रत्येक स्थानाला स्वतःची खूण देतात. दहा वर्तुळे असली की १,०२४ निरनिराळ्या खुणा मिळतात. येथे एक गोम होती. द्विमान पद्धतीत सात म्हणजे ०१११ आणि आठ म्हणजे १०००. सातावरून आठावर जाताना चारही अंक एकदम बदलतात, आणि एखादा क्षणभर मागे राहिला तर भलतीच संख्या वाचली जाते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांनी ज्या संकेतासाठी १९४७ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि ज्याला १९५३ मध्ये मान्यता मिळाली, त्यात शेजारच्या दोन स्थानांमध्ये एकच अंक बदलतो. तो संकेत त्यांनी ध्वनीच्या संदेशवहनासाठी योजला होता. पुढे फिरत्या चकतीलाही तो उपयोगी पडला.

आता कारखान्यातील यंत्रमानवाच्या कोपरात, लेथच्या स्क्रूवर, उद्वाहकाच्या मोटारीवर, ठरावीक लांबीवर कापड वा कागद कापणाऱ्या सुरीपाशी हा मोजणारा बसलेला असतो. धूळ आणि तेल असेल तेथे प्रकाशाऐवजी चुंबकाची योजना करतात.

रेल्वेनेही हीच युक्ती उचलली. माधव महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झालेला ग्वाल्हेरचा दोन फुटी मार्ग श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर धावत असे. २०२० मध्ये ती छोटी गाडी थांबली. मोठ्या मार्गांवर पूर्वी गाडी सबंध आली की एखादा डबा मागे सुटला, हे स्टेशनमास्तर शेवटच्या डब्यामागची पाटी अथवा दिवा डोळ्यांनी पाहून ठरवीत. आता बऱ्याच ठिकाणी रुळालगतचे आस-गणक ते काम करतात. चाक वरून गेले की तेथील चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि शेजारी शेजारी बसविलेल्या दोन संवेदकांमुळे दिशाही कळते. एन्कोडरच्या दोन डोळ्यांचीच ही जोडी. आत गेलेले आस आणि बाहेर आलेले आस जुळले, तरच मार्ग मोकळा समजतात. एक जरी कमी भरला, तरी मागच्या गाडीला तांबडा दिवा. शुभवर्तमानातील मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे सुखरूप असताना हरवलेल्या एकासाठी निघाला. नव्याण्णवांवर समाधान न मानणे, ही त्याची रीत या यंत्रानेही पाळली आहे.

तथापि मोजणाऱ्याची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. तो ज्या चाकावर बसला असेल, त्याच चाकाची साक्ष देतो. पट्टा घसरला आणि चाक नुसतेच फिरत राहिले, तर आकडा वाढतो, माल मात्र जागचा हालत नाही. म्हणून जाणता कारागीर मोजणारे चाक मालाच्या शक्य तितके जवळ बसवितो आणि अधूनमधून हाताने मोजून पडताळा घेतो.

जयाजीराव मिल १९९२ साली बंद पडली. मागांवरचे आकडे थांबले आणि त्यांबरोबर हजारो घरांचा हिशोबही थांबला. कोणत्याही गणकाला ते अगोदर सांगता आले नसते, कारण तो फक्त धोट्याच्या फेऱ्या मोजीत होता. यंत्राला पावले मोजायला आपण शिकविले, हे फार चांगले झाले. त्याचे चाक कोठे बसवावयाचे आणि त्याच्या आकड्याबाहेर कोण राहून गेले, हे पाहण्याचे काम मात्र आपल्याकडेच उरले आहे.