फक्त हात, चप्पल किंवा मिशी दिसतेय? शिल्प असं ओळखा

शिल्पाचा एवढासा तुकडा झूम करून ‘ओळखा पाहू’ विचारणाऱ्या पोस्ट तुम्हीही पाहिल्या असतील. अशा फोटोत चेहरा शोधत बसू नका. हात, पाय, कपडे बघा.

मिशी आणि हातात साप? घारापुरीच्या त्रिमूर्तीतला आपल्या डाव्या हाताचा चेहरा. त्याच मूर्तीत उजवीकडे कमळ दिसतं.

धोतराच्या चुण्या, खांद्यावर शाल, पायात साध्या चपला असतील, तर तो बहुधा ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’. सरदार पटेलांचा हा १८२ मीटर उंच पुतळा साकारणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, म्हणजे खानदेशचेच. नंदुरबारही १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं.

खात्री करायची तर छातीकडे बघा. बंडीवर जाळीसारख्या फटी दिसतील. ती नक्षी नाही, १५३ मीटर उंचीवरच्या गॅलरीच्या खिडक्या आहेत. त्यातून समोर सरदार सरोवर धरण दिसतं. याच धरणामुळे नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली मणिबेलीसह ३३ गावं बाधित झाली. फोटोत मात्र फक्त बंडी दिसते.