नाकारलेला वानोळा

दिवाळीच्या सुमारास आमच्या झाडीपट्टीतल्या कोणत्याही खेड्यात जा; छपरांवर कोहळे बसलेले दिसतील, कुंपणावर वालाच्या शेंगा लोंबत असतील आणि परसातली वांगी भरात आलेली असतील. घरची भाजी घरापुरती ठेवायची नाही, चार शेंगा शेजारी पाठवायच्या, ही जुनी रीत. या देण्याला आपल्या भाषेत वानोळा असा गोड शब्द आहे. देऊनही उरले तर वाळवायचे. वांग्याच्या चकत्या, कोहळ्याचे सांडगे, लाखोळीचा पाला, कैरीच्या फोडी हे सारे उन्हात कडक होऊन डब्यांत जाते. पुढे नदीनाले फुगून बाजाराची वाट तुटली की हेच वाळवण घराला तारते. उन्हाने पाणी हटते आणि पाणी हटले की बुरशी धरत नाही. इतकेच त्यातले शास्त्र.

परंतु वाचकहो, याच मुलखात एकदा असे परस फुलले होते की त्यातला वानोळा कोणी घेईना. आणि त्याला वाळवणाचाही इलाज नव्हता.

ही हकीकत तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या वरोऱ्याची. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, तेथे वकिली करीत. नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. सरकारकडून गावाबाहेरची ५० एकर खडकाळ जमीन मिळाली आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. बरोबर पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला १४ रुपये. एवढ्या भांडवलावर संसार मांडायचा होता, आणि तोही विंचूकाट्याच्या माळावर.

पाण्यावाचून परस कसले? म्हणून आधी विहीर. कुष्ठरोग मज्जातंतूंवर घाला घालतो. हाताची जाणीव जाते. कुदळीने फोड आला तरी धन्याला त्याची खबर नसते, आणि न कळलेली जखम चिघळून शेवटी बोटे घेऊन जाते. अशा हातांनी खडक फोडून पाणी काढले गेले. पाण्यामागून भाजी आली, धान्य आले, दूध आले. काल ज्यांच्या पुढ्यात भिकेचा कटोरा होता, त्यांच्या हाती आज स्वतः पिकवलेली टोपलीभर भाजी होती.

टोपली वरोऱ्याच्या बाजारात गेली, तेव्हा मात्र गिऱ्हाईक फिरकेना. महारोग्याच्या हातची भाजी! पालेभाजी ती, सकाळी तजेलदार, संध्याकाळी मलूल. आमच्या आयाबहिणी अशा वेळी ती उन्हात पसरतात. पण येथे ओली भाजी जो घेत नाही, तो वाळलेली थोडीच घेणार? उन्हाने भाजीतले पाणी जाते, माणसाच्या मनातले भय जात नाही.

त्या बाजारकरांना आज नावे ठेवणे सोपे आहे. त्यांचे भय त्यांनी एकट्यांनी घडवलेले नव्हते. ते कायद्याच्या पुस्तकातही होते. १८९८ च्या महारोग्यांविषयीच्या कायद्यान्वये, जेथे सरकार तसा हुकूम काढील तेथे, रुग्णाला खाद्यपेय विकण्याची व सार्वजनिक विहिरीवर स्नान करण्याची बंदी करता येत असे. नॉर्वेतल्या हॅन्सनने या रोगाचा जंतू १८७३ सालीच दाखवला होता. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधेही हाती आली होती. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासात नाकातोंडावाटे जंतू पसरतात, आणि बहुतेकांना तरीही रोग होत नाही, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते. भाजीने तो होत नाही. पण ज्ञानाला गावच्या बाजारापर्यंत पोचायला वेळ लागतो.

ते पोचले, पण पुस्तकातून नव्हे, जेवणाच्या ताटातून. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली खेडी उभारण्यासाठी पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने १९२० साली स्वयंसेवकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली होती. तिचे निरनिराळ्या देशांतले सुमारे ५० तरुण १९५४ च्या सुमारास आनंदवनात आले. त्यांनी रुग्णांसाठी दवाखान्याच्या इमारती बांधल्या, तेथेच राहिले, आणि रुग्णांनी पिकवलेले अन्न त्यांच्यासमवेत खाल्ले. वरोऱ्याचे लोक पाहावयास येऊ लागले. सातासमुद्रापलीकडची मुले ही भाजी खातात आणि धडधाकट राहतात, हे डोळ्यांनी दिसले. त्यानंतर आनंदवनच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले.

या कथेत थोडा सल उरतोच. शेजाऱ्याच्या भाजीवर विश्वास ठेवायला आपल्याला परदेशी पाहुण्यांची साक्ष लागली. तो १८९८ चा कायदा तर पुरता रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

साधनाताई आणि बाबा आता नाहीत. वरोऱ्याचा तो माळ हिरवागार आहे. आज लक्ष्मीपूजनाचे ताट वाढताना त्या पहिल्या टोपलीची आठवण ठेवावी, एवढेच सांगायचे होते. वानोळा देणाराचे आपण नेहमी कौतुक करतो. तो घेण्यासाठी दोन्ही हात पुढे करणे, हेही शेजारधर्मात बसते.