जर्मन चिद्वादी कलातत्त्वज्ञान : मूळ ग्रंथ आणि वाचनक्रम

जर्मन चिद्वादी कलातत्त्वज्ञान : इमॅन्युएल कांटच्या ‘क्रिटीक डेर उर्टाइल्सक्राफ्ट’ (१७९०) या ग्रंथापासून हेगेलच्या बर्लिनमधल्या अखेरच्या कलाविषयक व्याख्यानमालेपर्यंत (१८२८–२९), म्हणजे जेमतेम चाळीस वर्षांत, जर्मन भाषेत कलेविषयी जो तात्त्विक विचार झाला त्याला ही संज्ञा लावतात. कांट, शिलर, शेलिंग आणि हेगेल हे त्यातले चार प्रमुख. कांट स्वतः या संप्रदायात मोडतो की तो केवळ त्याचा उगम आहे, याबद्दल मतभेद आहेत. वाचनाच्या दृष्टीने तो वाद गौण आहे, कारण कांटला वगळून पुढच्या तिघांचे एक पानही नीट लागत नाही.

या विषयात काय वाचावे याइतकाच कोणत्या प्रतीतून वाचावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हेगेलचा कलेवरचा जो जाडजूड ग्रंथ सर्वत्र उद्धृत होतो, तो त्याने लिहिलेला नाही. शेलिंगची कलाविषयक व्याख्याने तो वारल्यानंतर छापली गेली. या परंपरेचा जाहीरनामा मानला जाणारा मजकूर कोणी रचला हे आजही ठरलेले नाही. हातात पडलेल्या पुस्तकाचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर अभ्यासक संपादकाचे वाक्य तत्त्वज्ञाच्या नावावर खपवून मोकळा होतो. विद्यापीठीय लेखनात असे वारंवार घडलेले दिसते.

पूर्वपीठिका थोडक्यात पुरे. अलेक्झांडर बाउमगार्टेनने १७३५ साली सौंदर्यशास्त्राला त्याचे आजचे पाश्चात्त्य नाव दिले आणि १७५०पासून त्यावर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. विंकेलमानचा प्राचीन कलेचा इतिहास (१७६४) आणि लेसिंगचा ‘लाओकोन’ (१७६६) ही दोन पुस्तके पुढच्या सर्वांनी वाचलेली होती. ‘लाओकोन’ छोटे आणि वाचनीय आहे. सवड असेल तर ते आधी वाचावे.

कांट : ‘क्रिटीक डेर उर्टाइल्सक्राफ्ट’ ही कांटची तिसरी चिकित्सा. तिचे दोन भाग आहेत. पहिला सौंदर्यविषयक निर्णयांचा, दुसरा निसर्गातील प्रयोजनशीलतेचा. कलेच्या अभ्यासकाने पहिल्या भागातल्या परिच्छेद १ ते २२पासून सुरुवात करावी, प्रस्तावनेपासून करू नये. ही प्रस्तावना कांटच्या सगळ्या दर्शनाची सांधेजोड करते. ती अतिशय दाट आहे आणि पहिल्या दोन चिकित्सा न वाचलेल्याला तिच्यातून वाट सापडत नाही. तिच्याही आधी कांटने एक लांब प्रस्तावना लिहिली होती आणि ती बाजूला ठेवली होती. आज ती ‘पहिली प्रस्तावना’ म्हणून बहुतेक आवृत्त्यांत जोडलेली असते. दोन्ही शेवटी वाचाव्यात.

कांटची भाषा रुक्ष असल्याची ख्याती आहे, पण या ग्रंथातली उदाहरणे तशी नाहीत. दुसऱ्याच परिच्छेदात एक राजवाडा येतो. तो सुंदर आहे का, असे विचारल्यावर कोणी म्हणेल की नुसते डोळे दिपवायला बांधलेल्या असल्या वास्तू मला आवडत नाहीत. कोणी पॅरिसला आलेल्या इरोक्वॉय सरदाराचा दाखला देईल, ज्याला त्या शहरात खाणावळींखेरीज काहीच रुचले नाही. कोणी प्रजेच्या घामावर चैन करणाऱ्या सत्ताधीशांना दूषणे देईल. कांट हे सगळे मान्य करतो आणि म्हणतो की प्रश्न याचा नव्हताच. वस्तू असावी की नसावी याच्याशी माझे काही देणेघेणे नसताना तिच्या नुसत्या दर्शनाने आनंद होतो का, एवढेच विचारले होते. सौंदर्यविषयक विधान कोणत्याही स्वार्थावर उभे नसते, हा त्याचा पहिला सिद्धांत इथे एका पानात उभा राहतो. पुढच्या परिच्छेदांत या विधानाची अडचण उलगडते: ते व्यक्तीच्या अनुभवातून येते, तरी सर्वांनी ते मान्य करावे अशी अपेक्षा बाळगते, आणि त्यासाठी कोणताही नियम पुढे करू शकत नाही.

परिच्छेद १६मध्ये स्वतंत्र आणि परतंत्र सौंदर्याचा भेद आहे. फुले, पक्षी, भिंतीवरच्या कागदाची वेलबुट्टी एका बाजूला. माणूस, घोडा, चर्च दुसऱ्या बाजूला. मराठी समीक्षेत कलेच्या स्वायत्ततेवर जो वाद दीर्घकाळ चालला, त्याला समांतर प्रश्न या दोन-तीन पानांत आहेत. यानंतर उदात्तावरचे परिच्छेद २३ ते २९ चाळले तरी चालतील. त्यांचा मोठा प्रभाव पुढे विसाव्या शतकात पडला. प्रतिभेवरचे ४६ ते ५० मात्र सावकाश वाचावेत. त्यातही ४९वा, ज्यात कल्पनाशक्ती संकल्पनेत न मावणारे किती विचार जागे करते याचे विवेचन आहे, तो शेलिंग व हेगेल या दोघांच्याही पायाखालची जमीन आहे. परिच्छेद ४२ गमतीचा आहे: पाहुण्यांना खूश करण्यासाठी खाणावळीचा मालक झुडपात एक पोर लपवतो आणि पोरगा बोरूच्या शिट्टीने बुलबुलाची हुबेहूब नक्कल करतो. फसवणूक कळताच ज्या गाण्यावर लोक लुब्ध होते ते कोणालाही सहन होत नाही. निसर्गसौंदर्याला कांट कलेहून वर का ठेवतो, हे या गोष्टीत कळते. हेगेलने पुढे हा क्रम नेमका उलटा केला.

इंग्रजीत बर्नार्ड (१८९२), मेरेडिथ (सौंदर्यभाग १९११), प्लुहार (१९८७) आणि गायर व मॅथ्यूज (२०००) अशी भाषांतरे आहेत. परिभाषा भाषांतरागणिक बदलते, म्हणून टिपणे काढताना परिच्छेदाचा क्रमांक लिहावा आणि शक्य तर कांटच्या समग्र लेखनाच्या अकादमी आवृत्तीतल्या पाचव्या खंडाचा पृष्ठांक द्यावा. तो नव्या भाषांतरांच्या समासात असतो. अभ्यासासाठी गायर–मॅथ्यूज आणि नुसत्या वाचनासाठी प्लुहार, अशी वाटणी सोयीची पडते.

शिलर : ‘मानवाच्या सौंदर्यशिक्षणाविषयीची पत्रे’ (१७९५) ही सत्तावीस पत्रे या सर्व साहित्यात सर्वांत वाचनीय आहेत. मूळ पत्रे शिलरने १७९३मध्ये आपल्या आश्रयदात्याला, आउगुस्टेनबुर्गच्या राजपुत्राला, लिहिली होती. १७९४च्या आरंभी कोपनहेगनच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत ती जळाली. शिलरने ती नव्याने लिहून आपल्या ‘डी होरेन’ या नियतकालिकात छापली. फ्रेंच राज्यक्रांतीने स्वातंत्र्याची घोषणा केली आणि पुढे गिलोटिन आले; माणूस आतून तयार नसेल तर स्वातंत्र्य पचत नाही, आणि ती तयारी कलेतून होते, असा त्याचा युक्तिवाद. श्रमविभागणीने माणसाचे तुकडे केले हे सांगणारे सहावे पत्र आणि क्रीडाप्रवृत्तीचे पंधरावे पत्र ही दोन वाचली की उरलेली वाचायचा मोह होतोच. शेवटची काही पत्रे आधीच्या भूमिकेशी नीट जुळत नाहीत. हा वाचकाच्या समजुतीचा दोष नसून ग्रंथाचा आहे. विल्किन्सन व विलबी यांची द्विभाषिक आवृत्ती (१९६७) टिपांसाठी अजून अजोड आहे.

पद्धतीचा आराखडा : ‘जर्मन चिद्वादाचा सर्वांत जुना आराखडा’ या नावाने ओळखला जाणारा मजकूर एका कागदाच्या दोन बाजूंवर आहे आणि त्याची सुरुवात वाक्याच्या मध्यातून होते. बर्लिनच्या ग्रंथालयाने १९१३मध्ये तो लिलावात घेतला, आणि फ्रान्झ रोझेनत्स्वाइगने १९१७मध्ये प्रसिद्ध केला. हस्ताक्षर हेगेलचे, विचार शेलिंगचे वाटणारे, सूर कवी ह्योल्डरलिनचा. कर्तृत्वाचा दावा तिघांच्याही नावे केला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात गहाळ झालेला हा कागद पुढे क्राकोच्या यागिएलोनियन ग्रंथालयात सापडला. बुद्धीची सर्वोच्च कृती सौंदर्याची कृती असते आणि बुद्धीला नवी पुराणकथा लागते, ही त्यातली दोन प्रमेये. वाचायला दहा मिनिटे लागतात, आणि शेलिंगकडे जाण्याआधी ती खर्च करावीत.

शेलिंग : ‘सिस्टेम डेस ट्रान्सेंडेंटालेन इडेआलिस्मुस’ (१८००) या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण तेवढे वाचावे. कलावंत जाणून काम करतो, पण कृतीत त्याच्या जाणिवेपलीकडचे काही उतरते. जाणीव आणि अजाणता यांची ही एकता तत्त्वज्ञान फक्त मांडू शकते, कला ती दाखवते. म्हणून कलेला येथे तत्त्वज्ञानाहूनही वरचे आसन मिळते. पाश्चात्त्य विचारात कलेची इतकी मोठी प्रतिष्ठा आधी कोणी केली नव्हती, आणि शेलिंगनेही ती फार काळ टिकवली नाही. येना (१८०२–०३) आणि व्यूर्त्सबुर्ग (१८०४–०५) इथली ‘कलेचे तत्त्वज्ञान’ ही व्याख्याने त्याच्या मुलाने १८५९मध्ये छापली. डग्लस स्टॉट यांचे इंग्रजी भाषांतर १९८९चे. त्यातला सर्वसाधारण भाग आणि पुराणकथेवरचे विवेचन मोलाचे आहे. कलाप्रकारांची वर्गवारी यांत्रिक आहे, ती वगळल्याने फारसे नुकसान नाही. म्यूनिकचे १८०७चे दृश्यकला व निसर्ग यांवरचे भाषण आणि दान्तेवरचा छोटा निबंध (१८०३) यांत शेलिंग अधिक मोकळा वाटतो.

हेगेल : कलेवर हेगेलने हायडेलबर्गला १८१८मध्ये आणि बर्लिनला १८२०–२१, १८२३, १८२६ व १८२८–२९ अशी चार वेळा व्याख्याने दिली. दर वेळी मांडणी बदलली. १८३१मध्ये तो वारला आणि त्याचा शिष्य हाइनरिख गुस्टाव होथो याने हेगेलच्या वह्या व विद्यार्थ्यांची टिपणे एकत्र करून १८३५–३८मध्ये तीन खंड काढले. त्यांची सुधारित आवृत्ती १८४२पासून आली. टी. एम. नॉक्स यांचे बाराशेहून अधिक पानांचे भाषांतर (१९७५) याच आवृत्तीवरून झालेले आहे. होथोने वापरलेल्या हेगेलच्या वह्या आता उपलब्ध नाहीत. पुढे विद्यार्थ्यांची वेगवेगळ्या वर्षांची टिपणे स्वतंत्रपणे छापली गेली. आन्नेमारी गेथमान-सीफर्ट यांनी १८२३ची, खुद्द होथोनेच घेतलेली, टिपणे १९९८मध्ये संपादित केली, आणि छापील ग्रंथातला बंदिस्तपणा व काही प्रसिद्ध सूत्रे होथोची असावीत असे मत मांडले. ते सर्वांना पटलेले नाही, पण त्याकडे दुर्लक्ष करून लिहिणे आता शक्य नाही. रॉबर्ट ब्राउन यांनी केलेले या टिपणांचे इंग्रजी भाषांतर २०१४मध्ये आले. २०२२मध्ये तर म्यूनिक–फ्रायझिंगच्या धर्मप्रांताच्या ग्रंथसंग्रहात हेगेलच्या हायडेलबर्गमधल्या व्याख्यानांची, कारोव्हे या विद्यार्थ्याने उतरवलेली, चार हजारांहून अधिक पाने सापडली. त्यांत कलाविषयक टिपणेही आहेत.

हेगेल म्हटले की प्रतीकात्मक, अभिजात आणि रोमँटिक ही कलारूपांची त्रयी आणि ‘कलेचा अंत’ एवढेच बहुतेकांच्या पदरी पडते. पाठ्यपुस्तकांनी हा सांगाडा इतका घोकून घेतला आहे की मांस दिसेनासे झाले आहे. होथोच्या आवृत्तीत मुरीयोच्या म्यूनिकमधल्या भिकारी पोरांच्या चित्रांवर एक परिच्छेद आहे. एका चित्रात आई मुलाच्या डोक्यातल्या उवा काढते आहे आणि पोर निवांत पाव चावते आहे. दुसऱ्यात फाटक्या कपड्यांतली दोन मुले कलिंगडासारखे फळ व द्राक्षे खात आहेत. हेगेलला या पोरांच्या बेफिकीर तृप्तीत ऑलिम्पसच्या देवांशी नाते सांगणारे काही दिसते. सतराव्या शतकातली डच चित्रे तो अशीच पाहतो: समुद्राकडून जमीन आणि स्पेनकडून स्वातंत्र्य मिळवलेल्या लोकांना रेशमाची चकाकी, पेल्यातली वाइन आणि खानावळीतला दंगा रंगवावासा का वाटला, याचे उत्तर तो त्यांच्या इतिहासात शोधतो. ज्याने ही पाने वाचली त्याला ‘अंत’ म्हणजे कला मेली असा अर्थ काढता येणार नाही. सत्याचे सर्वोच्च वाहन म्हणून तिचा काळ सरला आणि त्याबरोबर तिला कोणताही विषय मोकळा झाला, असे हेगेलचे म्हणणे आहे. प्रस्तावना, आदर्शावरचे प्रकरण, रोमँटिक कलेच्या विसर्जनाची पाने आणि शेवटी नाट्यकाव्य, ज्यात ‘अँटिगनी’चे विवेचन येते, हा क्रम ठेवावा. घाईत असलेल्याने १८३०च्या ‘एन्सायक्लोपीडिया’तले परिच्छेद ५५६ ते ५६३ वाचावेत, ते हेगेलने स्वतः छापलेले आहेत.

भारतीय वाचकाला प्रतीकात्मक कलेचा भाग खटकेल, आणि खटकायला हवा. भारतीय कल्पनाशक्ती हेगेलला बेसुमार वाटते. एकाच देहाला अनेक हात जोडणे हे त्याच्या लेखी अनंताला आकार देता न आल्याचे लक्षण. वास्तुकलेच्या खंडात तो भारतातल्या भूमिगत बांधकामांविषयीही लिहितो. भारत त्याने पाहिला नव्हता. भाषांतरे आणि प्रवाशांची वर्णने एवढ्यावर हे निकाल दिलेले आहेत. वेरूळचे कैलास मंदिर पाहिलेल्याने ही पाने हातात पेन्सिल घेऊन वाचावीत. पार्थ मित्तर यांच्या ‘मच मॅलाइन्ड मॉन्स्टर्स’ (१९७७) या पुस्तकात युरोपच्या या दृष्टीची सविस्तर झडती आहे.

दुय्यम ग्रंथ : एकाच पुस्तकात सगळा आढावा हवा असेल तर काइ हामरमाइस्टर यांचे ‘द जर्मन एस्थेटिक ट्रॅडिशन’ (२००२) पुरते. मूळ वेचे एकत्र हवे असतील तर जे. एम. बर्नस्टाइन यांचे केंब्रिज संकलन (२००३) घ्यावे. कांटवर पॉल गायर (१९७९) आणि हेन्री अॅलिसन (२००१) यांची मते परस्परांना छेद देतात, म्हणून दोघांना जोडीने वाचण्यात फायदा आहे. अँड्र्यू बोवी यांचे ‘एस्थेटिक्स अँड सब्जेक्टिव्हिटी’ (१९९०) संगीताला त्याचे स्थान देते, जे इतर ठिकाणी क्वचित मिळते. हेगेलवरची स्टीफन हौलगेट यांची स्टॅनफर्ड तत्त्वज्ञानकोशातली नोंद जालावर विनामूल्य आहे.

मराठीत या परंपरेचा सर्वांत गंभीर विचार रा. भा. पाटणकर यांनी केला. ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४, साहित्य अकादेमी पुरस्कार १९७५) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक आहे, एका टोकाला अलौकिकतावाद आणि दुसऱ्या टोकाला लौकिकतावाद, अशी भूमिका आहे आणि तिच्या मांडणीत कांटला मोठे स्थान आहे. ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ हे त्यांचे स्वतंत्र पुस्तकही आहे. इंग्रजी भाषांतर अडले की पाटणकर उघडावेत. परिभाषेची मराठी घडी त्यांनी बसवून ठेवली आहे.

बर्नार्डचा कांट, हेगेलच्या प्रस्तावनेचे बोझंकेकृत भाषांतर (१८८६) आणि ऑस्मास्टनचे चार खंड (१९२०) जालावर फुकट मिळतात. पहिली दोन बिनदिक्कत वापरावीत. ऑस्मास्टनचे इंग्रजी बोजड आहे, ते टाळावे. हेगेलसाठी पैसे मोजायचेच तर १८२३च्या टिपणांच्या भाषांतरावर मोजावेत, आणि नॉक्स ग्रंथालयात बसून वाचावा.