आदमपूर, हलवारा, पठाणकोट : सप्टेंबर १९६५ मधील एक फसलेला छत्रीहल्ला

१९६५ च्या भारत-पाक युद्धाचे विवेचन करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने छांब, लाहोर व असल उत्तर या रणक्षेत्रांकडे जाते. पंजाबातील तीन विमानतळांवर छत्रीधारी सैनिक उतरविण्याचा पाकिस्तानचा प्रयत्न मात्र बहुधा एखाद्या वाक्यात उरकला जातो. विमानतळाचे रक्षण नेमके कोण करते, हा प्रश्न या प्रकरणाने उपस्थित केला असल्यामुळे त्याचा स्वतंत्र विचार होणे अगत्याचे आहे.

६ सप्टेंबर रोजी भारतीय सेनेने लाहोरच्या रोखाने सीमा ओलांडली. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. त्याच सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट येथे जमिनीवर उभी असलेली काही भारतीय विमाने नष्ट केली. पाठोपाठ रात्री सी-१३० विमानांतून सुमारे १८० सैनिक, प्रत्येक ठिकाणी साठ याप्रमाणे, पठाणकोट, आदमपूर व हलवारा या तळांच्या परिसरात उतरविण्यात आले. तळावर चालून जाऊन विमाने व सामग्री यांचा नाश करणे हा त्यांचा उद्देश होता.

तिन्ही तुकड्यांपैकी एकीलाही तो साधला नाही. सैनिक अंधारात विखरून पडले. पठाणकोटजवळ ओढे व चिखलाची शेते यांमुळे त्यांना एकत्र येणे दुष्कर झाले. दिवस उजाडताच ग्रामस्थांनी वर्दी दिली. पोलीस, सैनिक व लाठ्या घेतलेले शेतकरी यांनी शेते धुंडाळण्यास आरंभ केला. १३८ जण पकडले गेले, २२ मारले गेले आणि उरलेल्या सुमारे वीस जणांपैकी बहुतेक सीमेपलीकडे निसटले. सीमा जवळ असल्यामुळे निसटणाऱ्यांत पठाणकोटच्या तुकडीतील सैनिक अधिक होते. ७ सप्टेंबरच्या पहाटे आदमपूर व हलवारा या दोन्ही तळांवरून भारतीय विमाने सरगोध्यावर हल्ल्यासाठी निघाली, यावरूनच छत्रीहल्ल्याचे अपयश स्पष्ट होते.

या अपयशाचे श्रेय तळांच्या सिद्धतेस देणे मात्र युक्त होणार नाही. जमिनीवरून होणाऱ्या हल्ल्याविरुद्ध या तळांची व्यवस्था तुटपुंजीच होती. निर्णायक ठरला तो भोवतालचा मुलूख आणि त्यातील माणसे. तसेच मृतांपैकी काहींचा अंत संतप्त जमावाच्या हातून झाला, ही गोष्टही विजयाच्या वर्णनात झाकून जाता कामा नये.

तुलनेसाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १० मे १९४० रोजी जर्मन सैनिकांनी हेगभोवतालचे तीन विमानतळ घेतले. परंतु जमिनीवरून कुमक न पोहोचल्यामुळे डच सेनेने ते त्याच दिवशी परत जिंकले. याच्या उलट ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ भारताची दुसरी पॅरा बटालियन उतरली. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच. त्याच सायंकाळी पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री पुंगली पुलापाशी तिला येऊन मिळाली. स्थानिक जनता व मुक्तिवाहिनी अनुकूल होती. १९६५ च्या सैनिकांपाशी यांपैकी काहीच नव्हते : मागून येणारी सेना नव्हती, आणि पायांखालची भूमीही परकी होती.

सारांश, विमानतळ म्हणजे केवळ धावपट्टी नव्हे. प्रत्येक तळालगत गावे व शिवारे असतात. आकाशातून उतरणाऱ्या सैनिकाची पहिली गाठ तळाशी पडत नाही, ती या शिवाराशी पडते. १९६५ चा इतिहास लिहिताना पंजाबातील त्या शिवारांना तळटीपेत नव्हे, तर मुख्य कथनात स्थान द्यावे लागेल.