कोंडवाड्याच्या वहीतले चार रकाने

महाड-पोलादपूरकडे भात कापून झालं की जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. गुरं मोकळी सोडायचे दिवसही नेमके तेच. एका रात्रीत कोवळा वाल साफ होतो आणि सकाळी बांधावर भांडण उभं राहतं. "तुझीच म्हैस होती!" "कशावरून?"

आज आपण या 'कशावरून'चा इतिहास बघणार आहोत. तुमच्याकडे म्हैस नसेल, कुत्रा असेल, तरी वाचा. विषय तुमचाही आहे.

जनावराची नोंद ठेवायची कल्पना जुनी आहे. अलाउद्दीन खिलजीने घोड्याला डाग द्यायची आणि स्वाराचा हुलिया लिहून ठेवायची पद्धत लावली. पुढे अकबराने ती परत कडक केली. कारण साधं होतं. हजेरीला चांगला घोडा दाखवून पैसे घ्यायचे आणि मोहिमेवर भलतंच तट्टू आणायचं, असे प्रकार चालत. आपल्याच तालुक्यातल्या रायगडावरून ज्या राज्याचा कारभार चालला, त्याच्या घोडदळातही शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराचा सरकारी, असा भेद होता. आता घोडा मेला तर तोटा कोणाचा? ते आधी काय लिहून ठेवलंय यावरच ठरणार ना!

शेतकऱ्याच्या गुरांसाठी मात्र असा सविस्तर कायदा आला तो इंग्रजी अमलात. आधी १८५७ चा आणि मग त्याच्या जागी १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा. आपण ज्याला कोंडवाडा म्हणतो, तो या कायद्याने चालतो. त्याचं ९ वं कलम मला फार आवडतं. गुरं आणली की कोंडवाडेवाल्याने वहीत चार गोष्टी लिहायच्या: किती जनावरं आणि त्यांचं वर्णन, कोणत्या दिवशी, किती वाजता आणली, पकडणाऱ्याचं नाव-गाव, आणि माहीत असेल तर मालकाचं नाव-गाव.

प्रत्येक रकाना एकेक भांडण मिटवतो. वर्णन असलं की जनावर बदलता येत नाही. पकडल्यापासून २४ तासांच्या आत गुरं कोंडवाड्यात पोचवायची असतात, शिवाय चाऱ्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो. म्हणून दिवस आणि वेळ. पकडणाऱ्याचं नाव असलं की खोट्या तक्रारीला कोणीतरी जबाबदार राहतो. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, जाहीर नोटीस द्यायची, तरीही कोणी आलं नाही तर लिलाव. आणि त्या लिलावात कोंडवाडेवाल्याने स्वतः बोली लावायची नाही! नोंद करणाऱ्याचा त्या नोंदीत स्वार्थ नसावा, हे तत्त्व प्रयोगशाळेत आम्ही आजही शिकतो.

पण वही चोख असली म्हणजे न्याय झाला, असं समजू नका. नोंदीची नक्कल मिळायची पकडणाऱ्याला. मालकाने दंड-खर्च भरायचा आणि वहीत पावतीची सही करून जनावर सोडवायचं. बेकायदा पकडलं अशी तक्रार असेल तर दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे जायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या गुराख्याला हे कितपत जमणार? त्यात जंगल राखीव झालं, की तिथे चरणाऱ्या गुरांनाही हाच कायदा लावायची सोय १९२७ च्या वन कायद्यात आहे. जंगल खात्याने डोंगर-कुरणं ताब्यात घेतल्याने शेतकऱ्याच्या जनावरांचे हाल होतात, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये केली होती. म्हणजे वही कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न वहीत काय आहे याइतकाच मोठा.

आता आजचं. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून पशुधनाच्या कानात १२ अंकी बिल्ला सक्तीचा आहे. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, आणि नैसर्गिक आपत्तीत जनावर गेलं तर भरपाईही नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचा पूर आणि तळियेची दरड बघितलेल्या आपल्या भागाला यातलं मोल वेगळं सांगायला नको. घरातला कागद पाण्यात जातो. कानातला आकडा जनावराबरोबर राहतो आणि त्याची नोंद दुसरीकडे सुरक्षित असते. तो आकडा तुमच्या मोबाइलमध्येही लिहून ठेवा. दाखला मागायची वेळ आली तर नक्कल मालकाकडेही असेल.

आणि कुत्रा? १८७१ च्या यादीत हत्ती आहे, उंट आहे, डुक्करसुद्धा आहे, कुत्रा-मांजर नाही. त्यामुळे ती वही तुम्हालाच घालावी लागते. रकाने तेच: अंगावरच्या खुणा आणि फोटो, कधी आणला, लस कोणत्या तारखेला दिली, कोणाकडून आणला, सांभाळतो कोण, खर्च कोण करतो. भावाकडे चार महिने ठेवायला दिलात, तर तेही दोन ओळींत लिहा आणि दोघांनी सही करा. नात्यात कसलं लिहून घ्यायचं, असं वाटेल. पण गोडीत असताना दोन ओळी लिहिणं सोपं असतं. बिनसल्यावर कोणाला काय आठवेल, याचा भरवसा नाही.