पगारी प्रधान, वतनी सरदार

शिवकाळात सूर्य मावळला की गडाचे दरवाजे बंद होत आणि किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात जात. पण गड एकट्या हवालदाराच्या मुठीत नसे. पहारे आणि गस्त सरनोबताकडे, जमाखर्च आणि हजेरी सबनिसाकडे, तर दाणागोटा आणि दारूगोळ्याचा हिशेब कारखानिसाकडे असे. राजारामाच्या काळात जिंजीला बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सांगतो, की हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच प्रतीचे आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. हे अधिकारी वेगवेगळ्या जातींतले नेमले जात. एकाला फितवलं तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

सत्ता वाटून द्यायची, पण ती कुणाच्या घरची होऊ द्यायची नाही, हा शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराचा गाभा. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची जी घडी पक्की झाली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व होतं. मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान, अण्णाजी दत्तो सचिव, हंबीरराव मोहिते सेनापती, निराजी रावजी न्यायाधीश अशी कामं वाटलेली होती. पेशवा, मुजुमदार, सुरनीस या फारसी वळणाच्या नावांना मुख्य प्रधान, अमात्य, सचिव असे संस्कृत प्रतिशब्द आले. न्यायाधीश आणि पंडितराव सोडले, तर बाकीच्यांना वेळ पडेल तेव्हा मोहिमेवरही जावं लागे.

न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उत्कर्षावर १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या मंडळाची तुलना इंग्रजी अमलातल्या व्हाइसरॉयच्या कौन्सिलाशी केली. खात्यांची वाटणी पाहिली तर ही तुलना पटते. मात्र आजच्या अर्थाने ते मंत्रिमंडळ नव्हतं. प्रत्येक प्रधान स्वतंत्रपणे राजाला जबाबदार होता आणि शेवटचा शब्द राजाचाच असे. या व्यवस्थेचं खरं बळ पगारात होतं. प्रधानाला रोख वेतन मिळे. पद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. नेमणारा राजा त्याला काढूही शकत असे.

गावात मात्र नेमकी उलटी रीत होती. तिथे सगळं वंशपरंपरेचं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांची वतनं पिढ्यान्‌पिढ्या चालत. तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. हे महजर आजही दप्तरांत पाहायला मिळतात. मजकुराखाली अक्षरओळख नसलेल्यांच्या निशाण्या असतात : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. ज्याच्या हातात जे हत्यार, तीच त्याची सही. निवाड्यात इतक्या जणांचा हात असल्याने तो सहजी मोडता येत नसे. मात्र ही समान माणसांची सभा नव्हती. हद्दीच्या भांडणात महाराच्या साक्षीला मोठं वजन होतं, तरी त्याचं घर गावकुसाबाहेरच होतं आणि वेठीचा भार त्याच्याच डोक्यावर होता. गावाची व्यवस्था टिकाऊ होती, न्याय्य होती असं म्हणता येत नाही.

गावातलं हे वतनाचं तत्त्व पुढे राज्याच्या माथ्यावर जाऊन बसलं, ते संकटाच्या काळात. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम जिंजीला पोचला. खजिना रिकामा होता. औरंगजेब मराठा सरदारांना वतनांची आणि मनसबींची आमिषं दाखवत होता. मग राजारामानेही जिंकलेला मुलूख सरदारांच्या नावे करून द्यायला सुरुवात केली. लढाई त्यावर तगली, हे मान्यच करावं लागतं. पण पगाराची जागा जमिनीने घेतली. पुढे आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी बजावलं, की वतनदार म्हणजे राज्याचे भाऊबंद वाटेकरीच. तोवर बराच उशीर झाला होता.

१७१९ मध्ये पेशवा बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखी या वसुली-हक्कांच्या सनदा आणल्या आणि वाटणी पक्क्या हिशेबात बसली. सरदेशमुखी छत्रपतींची. चौथाईचा पाव हिस्सा म्हणजे ‘बाबती’, तोही छत्रपतींचा. शंभरातले सहा म्हणजे ‘साहोत्रा’, तो पंतसचिवांचा. तीन टक्के ‘नाडगौडा’, तो छत्रपती मर्जीनुसार देत. उरलेले सहासष्ट टक्के ‘मोकासा’, तो सरदारांचा. त्यातून सरदाराने फौज ठेवायची आणि मुलूख राखायचा. एकाच गावच्या वसुलात अनेकांचे हिस्से गुंतल्यामुळे कुणालाच दुसऱ्याला सोडून चालता येऊ नये, अशी ही गुंफण होती. सरदारांच्या हिशेबावर नजर ठेवायला सरकारने नेमलेले फडणीस, मुजुमदार असे दरकदारही होते.

या रचनेने मराठ्यांना नर्मदेपलीकडे नेलं. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांची घराणी यातूनच उभी राहिली. पण दूरच्या मुलखात हिशेब मागायला कोण जाणार? अष्टप्रधानांची पदं तर केव्हाच वंशपरंपरेची झाली होती. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ पेशवा बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्या फौजा समोरासमोर आल्या. दोघेही एकाच छत्रपतींचे प्रधान. भांडण गुजरातच्या वसुलाचं. त्या लढाईत सेनापती मारला गेला. छत्रपती शाहूने सेनापतीचं पद दाभाड्यांच्याच घरात यशवंतरावाकडे दिलं. प्रधानाने प्रधानाला रणात मारावं आणि राजाने फक्त समेट घडवावा, इथवर गाडी आली होती.

१७४९ मध्ये शाहू गेला. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने कारभार पेशव्यांकडे आला. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्याचा खून झाल्यावर ‘बारभाई’ म्हणवणाऱ्या कारभाऱ्यांनी मिळून राज्य सावरलं. सल्लामसलतीची जुनी सवय अजून जिवंत होती, त्याचा हा पुरावा. पण तिला कायद्याचा आधार नव्हता, ती माणसांवर उभी होती. १८०० मध्ये त्यांतले नाना फडणीस वारले आणि ती माणसंही संपली. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पेशवा दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला आणि बाजीरावाने वसई गाठून ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला.

त्यानंतरचे तह एकामागून एक झाले. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावला नागपूरकर भोसल्यांनी, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी आणि २४ डिसेंबर १८०५ रोजी राजघाटला होळकरांनी इंग्रजांशी तह केला. गावच्या महजरावर साऱ्या गोताच्या निशाण्या एका कागदावर असत. राज्याचं भवितव्य ठरवणाऱ्या या तहांवर मात्र ज्याने त्याने आपापली एकट्याचीच मोहोर उमटवली.