तीन इंची दुर्बीण आणि सदतीस हजार नोंदी

ऑगस्ट 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ऑलिंपियाड मुंबईत भरले. साठहून अधिक देशांतील शालेय विद्यार्थी त्यासाठी भारतात आले होते. या बातमीनंतर, आणि 2024 पासून अधूनमधून झळकणाऱ्या ‘उत्तर मुकुटातील तारा भडकणार’ या बातमीनंतर, विद्यार्थी आणि पालक एकच प्रश्न विचारत आहेत : घराच्या गच्चीवरून आकाश पाहायचे तर दुर्बीण कोणती घ्यावी? ती किती पट मोठे दाखवते, हा उपप्रश्न लगेच येतो. थोडा धीट विद्यार्थी असेल तर तो आणखी एक विचारतो : इतक्या लहान दुर्बिणीतून काही खरे विज्ञान होते का? मला हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर भारताच्या खगोलेतिहासात शंभर वर्षांपूर्वीच नोंदले गेले आहे.

जेसोर हा अविभाजित बंगालमधील जिल्हा, आज बांगलादेशात. तेथील बागचर गावी 1878 साली राधागोविंद चंद्र यांचा जन्म झाला. शालेय शिक्षणाची अंतिम प्रवेशपरीक्षा त्यांना वारंवार प्रयत्न करूनही उत्तीर्ण होता आली नाही. पुढे जिल्ह्याच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी मिळाली आणि तीच आयुष्यभराची उपजीविका ठरली. आकाशाची ओळख करून दिली ती जेसोरचे वकील कालीनाथ मुखर्जी यांनी. ते तारकानकाशे तयार करणारे गृहस्थ होते. 1910 साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा चंद्रांनी तो लहान द्विनेत्रीतून पाहिला. दोन वर्षांनी, 1912 मध्ये, त्यांनी इंग्लंडहून तीन इंच व्यासाची भिंगाची दुर्बीण मागवली.

त्याच 1912 सालची दुसरी घटना मराठी वाचकांना जवळची वाटेल. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तेथील वीस इंची ग्रब परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. नायगमवाला हे कसलेले वेधकर्ते. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधांसाठी त्यांनी जेऊर येथे तळ दिला होता. परंतु 1912 मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. तेथे ती मोठी दुर्बीण नीट बसवली जाईपर्यंत 1951 उजाडले. हैदराबादची कथाही फारशी वेगळी नाही. नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये पंधरा इंची ग्रब दुर्बीण खरेदी केली. तिच्यातून नियमित वेध सुरू होईपर्यंत सुमारे वीस वर्षे उलटली, आणि तोवर नवाब हयात नव्हते. मोठ्या दुर्बिणीला घुमट लागतो, पाया लागतो, तंत्रज्ञ लागतो, अनुदान लागते. यांपैकी एक दुवा तुटला की काच पेटीत पडून राहते. जेसोरच्या दुर्बिणीला लागत होते फक्त अंगण.

आता तीन इंचांत काय दिसते ते पाहू. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे 7 मिलिमीटर उघडते. तीन इंची वस्तुभिंगाचा व्यास 76 मिलिमीटर. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात गोळा होतो, म्हणून ही दुर्बीण डोळ्याच्या सुमारे 118 पट प्रकाश आणते. ताऱ्यांच्या भाषेत हा पाच प्रतींचा लाभ झाला : नुसत्या डोळ्यांनी सहाव्या प्रतीपर्यंत दिसत असेल, तर दुर्बिणीतून अकराव्या प्रतीपर्यंत. खोक्यावर ठळक छापलेले ‘450 पट’ या हिशेबात कुठेच नाही. व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याची दुप्पट केली, की उपयुक्त विशालनाची कमाल मर्यादा येते. येथे ती 150 पट आहे. त्यापलीकडे प्रतिमा केवळ फुगते आणि मंद होते.

1918 च्या जूनमध्ये, गरुड तारकासमूहात, श्रवणापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी एक तारा अकस्मात उजळला. काही दिवस तो आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीत होता. चंद्रांनी तो स्वतंत्रपणे पाहिला, त्याच्या तेजाच्या नोंदी ठेवल्या, आणि शांतिनिकेतनचे शिक्षक व विज्ञानलेखक जगदानंद राय यांच्या सल्ल्याने त्या हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांना पाठवल्या. पिकरिंग यांनी उत्तरादाखल तारकानकाशे धाडले आणि 1911 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या संघटनेशी त्यांचा संबंध जोडून दिला. तिचा संस्थापक विल्यम टायलर ऑलकॉट हाही पेशाने वकीलच होता, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

हार्वर्डला जेसोरच्या एका कारकुनाचे इतके अगत्य का वाटावे? सौजन्य असेलच, पण भूगोल अधिक महत्त्वाचा आहे. जेसोर पूर्व रेखांश 89 अंशांवर, हार्वर्ड पश्चिम रेखांश 71 अंशांवर. दोहोंत 160 अंशांचे, म्हणजे साडेदहा तासांहून अधिक अंतर. अमेरिकेत सूर्य तळपत असताना रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचे तेज काळानुसार बदलते असे तारे, बदलायचे थांबत नाहीत. आलेखातील ती पोकळी भरण्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी जागे असावे लागते. रूपविकारी ताऱ्यांच्या बाबतीत हे आजही बरेचसे खरे आहे.

कामाची पद्धत सोपी दिसते, पण शिस्त मागते. नकाशावर रूपविकारी ताऱ्याभोवती तेज ठरलेले तुलना-तारे दाखवलेले असतात. समजा एक 8.2 प्रतीचा आहे, दुसरा 8.8 चा, आणि आपला तारा दोहोंच्या मध्ये पण पहिल्याला किंचित जवळचा वाटतो. मग नोंद होते 8.4. सरावलेला डोळा एक-दोन दशांश प्रतींपर्यंत भरवशाचा असतो. यातील फसवी जागा म्हणजे तांबडे तारे. दीर्घ आवर्तनाचे बहुतेक रूपविकारी तारे तांबूस असतात, आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो डोळ्याला अधिकाधिक तेजस्वी भासू लागतो. म्हणून क्षणभर पाहायचे, नजर काढायची, पुन्हा पाहायचे. नाणी पारखणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला ही सवय आधीच असावी, असे मानण्याचा मोह होतो.

तीन इंची दुर्बिणीची सीमाही या कामातच उघडी पडते. तिमिंगलातील मीरा हा तारा सुमारे 332 दिवसांच्या आवर्तनात दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपासून साधारण नवव्या प्रतीपर्यंत उतरतो. तीन इंचांत त्याचे सारे चक्र दिसते. हंसातील एसएस सिग्नी मात्र एरवी बाराव्या प्रतीचा असतो आणि दर काही आठवड्यांनी अचानक आठव्या प्रतीपर्यंत भडकतो. तीन इंचांत त्याचा भडका दिसेल, पण तो विझलेला असताना काय करतो हे कळणार नाही. अमेरिकन संघटनेने 1926 मध्ये चंद्रांना चार्ल्स एल्मर यांची सहा इंचांहून किंचित मोठी भिंगाची दुर्बीण वापरायला पाठवली, तिचे मोल येथे ध्यानात येते. व्यास दुपटीहून थोडा अधिक, प्रकाश चौपटीहून अधिक, लाभ सुमारे 1.6 प्रतींचा, सीमा अकरावरून साडेबारापलीकडे गेली. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी सात-आठ वर्षांचे काम लहान दुर्बिणीवर उभे राहिले, त्या कामाची नेमकी अडचण कळली, आणि मग मोठी दुर्बीण आली. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो, आणि म्हणूनच अनेक घरांत पोटमाळ्यावर एक दुर्बीण धूळ खात असते.

तेव्हा आजच्या खरेदीविषयी माझे मत असे. नवशिक्याने प्रथम 10×50 ची द्विनेत्री घ्यावी आणि एक वर्ष आकाश पाठ करावे. त्यानंतर दुर्बीण घ्यायची तर पैशाचा मोठा वाटा बैठकीवर खर्च करावा. एक मीटर लांबीच्या नळीचे टोक अर्धा मिलिमीटर हलले, तर रोख सुमारे 1.7 कलांनी सरकतो. हे अंतर गुरूच्या बिंबाच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे काडीसारख्या तिपाईवर ठेवलेली उत्तम काचही गुरूला नाचवते. जॉन डॉब्सन यांनी 1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत लोकप्रिय केलेली लाकडी पेटीची बैठक या रोगावर अजूनही सर्वांत स्वस्त औषध आहे. सहा इंची आरसा अशा बैठकीवर घेतला तर विद्यार्थ्याला पुढची दहा वर्षे काही कमी पडू नये. फक्त जिन्यावरून ती उचलून नेता येईल का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. आठ इंची दुर्बीण तीन मजले रोज चढवणारा उत्साह सहसा दुसऱ्या महिन्यात संपतो. भ्रमणध्वनीवर चित्र दाखवणाऱ्या नव्या स्वयंचलित दुर्बिणी चांगल्या आहेत, पण त्या डोळा तयार करीत नाहीत.

गच्चीविषयी एक सूचना. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री कितीतरी तास उष्णता सोडत राहतो, आणि त्यावरची हवा ग्रहांच्या प्रतिमा उकळल्यासारख्या करते. माती किंवा गवत असलेले अंगण मिळाले तर ते पत्करावे; नाही तर ग्रह उत्तररात्री पाहावेत. ताऱ्यांच्या तेजाचा अंदाज घेण्यास मात्र ही थरथर फारशी आड येत नाही. आपल्या हवामानात खरी वैरीण आहे ती दमट हवा. पावसाळ्यात बंद पेटीत ठेवलेल्या भिंगावर बुरशी चढते आणि ती काच कायमची खाते. सिलिका जेलच्या पुड्या आणि मधूनमधून कोरडी हवा, एवढे पुरते. नळीच्या पुढे काळ्या कागदाची लांब टोपी लावली की दवही उशिरा धरते.

1928 मध्ये फ्रेंच सरकारने चंद्रांचा सन्मान केला. फाळणीनंतर त्यांना जेसोर सोडावे लागले. ते कलकत्त्याजवळच्या बारासातला आले आणि वेध चालू राहिले. 1954 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, ते थांबले. 1919 पासून तोवर त्यांनी अमेरिकेला पाठवलेल्या नोंदींची संख्या सदतीस हजारांवर गेली होती. पस्तीस वर्षांवर ती विभागली तर वर्षाला हजाराहून अधिक येतात, आणि बंगालचा पावसाळा वजा करता निरभ्र रात्री किती उरतात याचा हिशेब वाचकांनीच करावा. 1975 मध्ये ते वारले. त्यांचे अंदाज संघटनेच्या संग्रहात इतरांच्या नोंदींच्या रांगेतच आहेत. त्या ताऱ्यांचे शतकभराचे आलेख काढणारा कोणताही संशोधक, पदवी न पाहता, ते बिंदू वापरतो.

एल्मर दुर्बीण चंद्रांकडून वेणू बाप्पूंकडे गेली. बाप्पूंचे वडील हैदराबादच्या त्याच निजामिया वेधशाळेत नोकरीला होते, जिथे नवाबांची पंधरा इंची दुर्बीण बसवली गेली, आणि वेणू स्वतः विद्यार्थिदशेत रूपविकारी तारे पाहत वाढले. पुढे त्यांनी तमिळनाडूतील कावलूर येथे वेधशाळा उभी केली, आणि ही दुर्बीण तेथे पोचली. उत्तर मुकुटातील ज्या ताऱ्याची बातमी वरचेवर येते तो टी कोरोनी बोरिॲलिस 1866 आणि 1946 मध्ये भडकला होता. एरवी तो दहाव्या प्रतीच्या आसपास असतो. अंधाऱ्या गावातून तीन इंची दुर्बिणीतही तो दिसतो. नकाशा संघटनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो.